"प्रोसेसमध्ये आहे"

स्पर्धा जवळ आली की माझ्या वाट्याला येणाऱ्या कामांत सगळ्यात रटाळ काम म्हणजे पंचांचा तक्ता. मी बुद्धिबळाची पंच आहे. फिडे म्हणजे आंतरराष्ट्रीय बुद्धिबळ महासंघ, त्याचा ‘फिडे आर्बिटर’ हा किताब माझ्याकडे आहे, म्हणजे आमच्या बोलण्यात एफए. एक्सेलला मी घाबरत नाही हे आयोजकांना कळलं आणि तेव्हापासून तक्ता माझ्याच गळ्यात पडतो. रकाने साधे असतात: नाव, फिडे आयडी, किताब, मोबाइल नंबर, टी-शर्टचं माप. शेवटच्या रकान्यात लोक थोडं कमी सांगतात, तिसऱ्या रकान्यात थोडं जास्त. टी-शर्टचं मी निभावून नेते, दोन-चार मोठे मागवून ठेवले की झालं. किताबाचं तसं करता येत नाही.

होतं असं की कुणीतरी ‘आयए’ म्हणजे इंटरनॅशनल आर्बिटर, एफएच्या वरचा किताब, असं लिहून पाठवतं. मी सवयीने आयडी फिडेच्या साइटवर टाकते. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत, जगातल्या कुठल्याही नोंदणीकृत पंचाचं पान कुणालाही उघडता येतं. पानावर दिसतं एफए. कधी राष्ट्रीय पंच. कधी त्या जागी काहीच नसतं. मग फोन करावा लागतो.

"सर, तुमच्या प्रोफाइलवर अजून एफए दिसतंय."

"हो, ते प्रोसेसमध्ये आहे."

"अर्ज गेलाय का?"

"जाईल ना आता. एकच नॉर्म बाकी आहे मॅडम. तोवर तुमचं बॅनर छापून होईल, म्हणून म्हटलं आत्ताच लिहून टाकावं. कोण बघतंय?"

मी बघते, असं म्हणायची फार इच्छा होते. पण ही माणसं वयाने मोठी असतात, बरेचदा कामाला चांगली असतात आणि पुढच्या स्पर्धेत त्यांच्याच शेजारी बसून मला जोड्या लावायच्या असतात. म्हणून मी नुसतं "साइटवर आहे तेच टाकते हं" म्हणून फोन ठेवते.

बाहेरच्यांसाठी थोडं सांगते. एफए व्हायला आधी फिडेचं सेमिनार करायचं, त्याच्या शेवटी परीक्षा असते, तिच्यात ८० टक्के मिळाले तर पास. हा झाला एक नॉर्म, म्हणजे किताबासाठी मोजली जाणारी एक कामगिरी. मग प्रत्यक्ष स्पर्धांत पंच म्हणून काम करून आणखी तीन मिळवायचे. ते झाले की आपल्या महासंघामार्फत अर्ज, फिडेची मंजुरी, मग शुल्क, आणि त्यानंतर किताब. आयएसाठी हे पुन्हा नव्याने, अधिक वरच्या दर्जाच्या स्पर्धांत. म्हणजे परीक्षा पास होणं हा रस्त्याचा पहिला टप्पा आहे. आणि नेमकं तिथेच, परीक्षेच्या निकालाच्या संध्याकाळी, कित्येकांच्या व्हॉट्सॲपवर नावाखाली ‘फिडे आर्बिटर’ झळकायला लागतं. मला त्यांचा आनंद कळतो. ती परीक्षा सोपी नाही. पण मग ज्याने उरलेले तीन नॉर्म रात्री उशिरापर्यंत हॉलमध्ये उभं राहून मिळवले, त्याने काय लिहायचं?

एका सद्गृहस्थांनी मला पुरावा म्हणून प्रमाणपत्राचा फोटो पाठवला होता. वर बोधचिन्ह, मध्ये नाव सोनेरी अक्षरांत, आणि फोटो नावाच्या खाली बरोबर एका ओळीवर कापलेला. मी पूर्ण फोटो मागितला. दोन दिवसांनी आला. कापलेल्या भागात एवढंच होतं की अमुक तारखांना झालेल्या सेमिनारला ते उपस्थित होते. परीक्षेचा उल्लेखच नव्हता. मी त्यांना काही बोलले नाही, त्यांनीही विषय काढला नाही. तक्त्यात त्यांच्या नावापुढे मी रेघ मारली आणि त्या स्पर्धेत त्यांनी सगळी डिजिटल घड्याळं एकट्याने लावून दिली, एकाही पटावर तक्रार न येता.

हे फक्त आमच्याच खेळात आहे असं कुणी समजू नये. प्रत्येक खेळाने पंचांच्या पायऱ्या अशा काही रचल्यात की बाहेरच्या माणसाने गोंधळावंच. आमच्याकडे किताबाच्या आत पुन्हा ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत, त्यात ए सगळ्यात वर. जिम्नॅस्टिक्समध्ये पहिली कॅटेगरी सगळ्यात वर आणि चौथी खाली, तर हौशी बॉक्सिंगमध्ये वर्षानुवर्षं तारे होते आणि तिथे तीन तारे वर, एक खाली. टेनिसमध्ये बॅजचे रंग: पांढरा, कांस्य, रुपेरी, सोनेरी. बॅडमिंटनमध्ये ‘ॲक्रेडिटेड’ पंच खालच्या पायरीवर आणि ‘सर्टिफिकेटेड’ वरच्या. यातलं कुठलं मोठं हे त्या खेळाबाहेरच्या कुणाला विचारून बघा. जिम्नॅस्टिक्सच्या चौथ्या कॅटेगरीचा पंच बॉक्सिंगवाल्यांत जाऊन "मी फोर आहे" म्हणाला तर लोक उठून उभे राहतील.

आणि यातले बरेच किताब कायमचे नसतात, हा मुद्दा बायोडाटात हमखास गळतो. जिम्नॅस्टिक्सच्या पंचांना प्रत्येक ऑलिंपिक चक्रात नवी नियमावली शिकून पुन्हा परीक्षा द्यावी लागते. फुटबॉलमध्ये तर हे कापडावरच शिवलेलं असतं: फिफाच्या रेफरींची यादी १ जानेवारीपासून एका वर्षासाठी असते आणि छातीवरच्या बॅजवर ते साल छापलेलं असतं. पुढच्या यादीत नाव नसेल तर तो माणूस माजी फिफा रेफरी. ‘माजी’ म्हणण्यात कमीपणा काय आहे मला कळत नाही. क्रिकेटमध्ये २००२ साली आयसीसीने एलिट पॅनेल केलं तेव्हापासून त्या पॅनेलवरची नावं मोजकीच राहिली आहेत, खेळाच्या शौकिनांना पाठ असतात. त्याखाली इंटरनॅशनल पॅनेल आहे, त्यावर प्रत्येक देशाचं मंडळ आपली नावं सुचवतं. दोन्हीकडचे लोक आंतरराष्ट्रीयच. मात्र निवेदकाच्या माइकमधून बाहेर येताना सगळे एलिट होतात.

निवेदकांवरून आठवलं. आमच्या खेळात एक खास घोटाळा आहे. चेस ऑलिंपियाड ही सांघिक स्पर्धा १९२७ साली लंडनमध्ये सुरू झाली आणि ऑलिंपिकशी तिचा तसा काही संबंध नाही. बुद्धिबळ ऑलिंपिकमध्ये नाही. ऑलिंपियाडमध्ये प्रत्येक सामन्याला एक पंच लागतो. २०२४ च्या बुडापेस्टच्या ऑलिंपियाडमध्ये खुल्या आणि महिला गटांत मिळून साडेतीनशेच्या वर संघ होते, म्हणजे एकेका फेरीला दीडशेहून जास्त सामना-पंच. तिथे काम करणं हा मोठाच मान आहे, निवड सोपी नसते. पण तिथून परत आलेल्या माणसाची ओळख माइकवर "ऑलिंपिक पंच" अशी होते, टाळ्या पडतात, आणि तो माणूस हात जोडून बसतो. तो खोटं बोललेला नाही. फक्त त्याने कुणाला अडवलेलं नाही.

माझा एक मित्र ॲथलेटिक्समध्ये आहे, तो याच्या उलट बाजूची गोष्ट सांगतो. ऑलिंपिकच्या ट्रॅकवर बाहेरून नेमलेले आंतरराष्ट्रीय अधिकारी थोडे असतात. बाकी कामाचा डोंगर उचलतात ते यजमान देशाचे राष्ट्रीय तांत्रिक अधिकारी. उडीची लांबी मोजणारे, अडथळे लावणारे, कॉल रूममध्ये खेळाडूंचे नंबर तपासणारे. ते सगळे खरोखर ऑलिंपिकमध्ये काम केलेले लोक आहेत. आपण ‘राष्ट्रीय’ होतो हे सांगायची मात्र त्यांना लाज वाटते, म्हणून कार्डावर ते ‘आंतरराष्ट्रीय’ होतात. मित्र म्हणतो, जगातलं सगळ्यात अवघड काम करून आल्यावर लोक त्याचं नाव बदलून सांगतात.

का करत असतील? मला वाटतं, कारण पंचाला दुसरं काही मिळत नाही. मानधन म्हणायचं ते प्रवासात जातं. खेळाडूचा फोटो येतो, पंचाचा येतो तो फक्त गोंधळ झाल्यावर. सुट्ट्या यात जातात, घरचे वैतागलेले असतात. मग नावापुढची दोन अक्षरं हीच काय ती कमाई, आणि कमाई थोडी फुगवून सांगायची सवय माणसाला आहेच. हे समजून घेतलं तरी मला ते चालत नाही. का चालत नाही, ते एका प्रसंगाने नीट सांगता येईल.

वयोगटाची स्पर्धा होती. अकराएक वर्षांच्या एका मुलाने वजिराला हात लावला, उचलला, मग काहीतरी दिसलं म्हणून परत ठेवला आणि हत्ती सरकवला. समोरच्याने हात वर केला. त्या पटाजवळ जे पंच उभे होते त्यांनी ते डोळ्यांनी पाहिलं होतं. त्यांनी हत्ती परत जागेवर ठेवायला लावला आणि वजिराची चाल करायला सांगितली. बुद्धिबळाच्या नियमांतलं ४.३ हे कलम: आपल्या सोंगटीला हेतुपुरस्सर हात लागला आणि तिची नियमात बसणारी चाल असेल, तर तीच चालवायची. निर्णय शंभर टक्के बरोबर. वजीर गेला, पाठोपाठ डाव गेला, मुलगा रडत बाहेर.

दाराशी वडील उभे होते. पालकांना हॉलमध्ये सोडत नाहीत, त्यामुळे आतलं त्यांनी काही पाहिलेलं नव्हतं. त्यांनी आवाज चढवला नव्हता, हे मुद्दाम सांगते. त्यांनी विचारलं, "हे तुम्ही कशाच्या आधारावर ठरवलंत?"

या प्रश्नाला उत्तर एकच आहे. कलम सांगायचं, मी काय पाहिलं ते सांगायचं, आणि अपील करायचं असेल तर ते कुणाकडे आणि किती वेळात करायचं ते सांगायचं. आमचे पंच म्हणाले, "मी इंटरनॅशनल आर्बिटर आहे. इतकी वर्षं हेच करतोय."

वडील गप्प बसले, बाजूला झाले. मला वाटलं संपलं. दहा मिनिटांनी ते परत आले, फोन पुढे धरून. स्क्रीनवर पंचांचं फिडेचं पान, फोटोसकट. किताब: एफए. वडील आता पंचांशी बोलतच नव्हते, माझ्याशी बोलत होते. म्हणाले, "मॅडम, यांनी स्वतःच्या किताबाबद्दल मला खोटं सांगितलं. मग वजिराला हात लागला हे खरं सांगितलं कशावरून?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणजे, निर्णय बरोबर आहे हे मला माहीत होतं, पण मला ते माहीत होतं कारण मी त्या पंचांना ओळखत होते. वडील ओळखत नव्हते. त्यांच्याकडे पंचांना तोलायला एकच माप होतं, ते पंचांनीच त्यांच्या हातात दिलेलं, आणि ते खोटं निघालं होतं.

अपील समिती बसली. समोरच्या मुलाला विचारलं, शेजारच्या पटावरच्या मुलीला विचारलं, दोघांनीही वजीर उचलला गेल्याचं सांगितलं. निर्णय कायम राहिला. पण त्याचा उपयोग फारसा झाला नाही. दुपारपर्यंत बाहेरच्या खुर्च्यांवरचे सगळे पालक आमची पानं उघडून बघत होते. आमच्यात दोन नवीन मुली होत्या, नुकत्याच कामाला लागलेल्या, किताब नसलेल्या. त्यांनी कधी काही असल्याचा दावा केला नव्हता, तरी त्यांच्या प्रत्येक निर्णयाला दारात "तुमचा आयडी काय?" हा प्रश्न यायला लागला. खोटं एकाचं आणि वसुली सगळ्यांकडून.

पंचांना मी संध्याकाळी विचारलं, असं का म्हणालात. ते खरंच खजील झाले होते. म्हणाले, "एफए म्हटलं असतं तर त्यांना काय कळलं असतं?" मी म्हटलं, "आयए म्हटल्यावर तरी काय कळलं?" यावर ते हसले, मीही हसले, पण त्या स्पर्धेच्या उरलेल्या फेऱ्यांना मी त्यांना मागच्या पटांवर ठेवलं.

लहान स्पर्धेत गोष्ट इथे संपते. मोठ्या स्पर्धेत ती खेळाडूंच्या अंगाशी येऊ शकते. ज्या स्पर्धेत ग्रँडमास्टर किंवा इंटरनॅशनल मास्टरचा नॉर्म मिळायचा, तिचा मुख्य पंच आयए किंवा एफए असलाच पाहिजे असा नियम आहे. समजा तिथे एफएसुद्धा अजून ‘प्रोसेसमध्ये’ असलेला कुणी मुख्य पंच म्हणून बसवला आणि कुणी तपासलं नाही. एखादी पोरगी नऊ फेऱ्या जीव तोडून खेळली, नॉर्मएवढे गुण केले, आणि अहवाल वर गेल्यावर नॉर्म अडकला. ॲथलेटिक्समध्येही असंच आहे. चालण्याच्या शर्यतीतला जागतिक विक्रम मान्य व्हायला ठरावीक आंतरराष्ट्रीय दर्जाचे किमान तीन जज त्या शर्यतीला असावे लागतात आणि अर्जावर त्यांच्या सह्या लागतात. तिथे सही करणाऱ्याची पायरी खोटी निघाली तर चालणाऱ्याचे पाय काय करणार?

वरच्या पातळीवर हे नसेल असं वाटायचं मला. सँड्रा बाल्डविन या अमेरिकेच्या ऑलिंपिक समितीच्या पहिल्या महिला अध्यक्ष. २००२ च्या मे महिन्यात त्यांना पायउतार व्हावं लागलं, कारण त्यांच्या अधिकृत परिचयात डॉक्टरेट लिहिलेली होती आणि त्यांचा प्रबंध कधी पूर्णच झाला नव्हता; पदवीसुद्धा ज्या विद्यापीठाची लिहिली होती तिथली नव्हती. ऑलिंपिक समिती चालवायला डॉक्टरेट लागत नाही. कुणी मागितली नव्हती.

त्याहून मला बुचकळ्यात टाकतात ते हंगेरीचे पाल श्मिट. तलवारबाजीत १९६८ आणि १९७२ ची दोन सांघिक ऑलिंपिक सुवर्णपदकं, आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचं सदस्यत्व, पुढे देशाचं राष्ट्राध्यक्षपद. १९९२ साली त्यांनी ऑलिंपिकवरच्या प्रबंधावर डॉक्टरेट घेतली होती. त्यातला मोठा भाग दुसऱ्यांच्या लिखाणातून उचललेला निघाला. २०१२ च्या मार्चमध्ये विद्यापीठाने पदवी काढून घेतली आणि एप्रिलमध्ये त्यांनी राष्ट्राध्यक्षपद सोडलं. दोन सुवर्णपदकं असलेल्या माणसाला नावाआधी ‘डॉ.’ कशाला हवं होतं? ज्याच्याकडे खरंच काही नाही तो थापा मारतो हे मी समजू शकते. पण मला तक्त्यात जे भेटतात तेही बहुतेक असेच असतात, ज्यांच्याकडे खरं सांगण्यासारखं पुरेसं आहे असे.

माझ्याबाबतीतही एकदा झालं. उद्घाटनाच्या बॅनरवर माझ्या नावाखाली ‘आंतरराष्ट्रीय पंच’ छापून आलं. आयोजकांना म्हटलं, बदला. ते म्हणाले, मॅडम, छापून झालंय, आणि आमच्या स्पर्धेचाच मान वाढतोय. शेवटी पांढरी पट्टी चिकटवायचं ठरलं. ती पट्टी इतकी पांढरी होती की पूर्ण बॅनरवर लोकांची नजर तिथेच जायची. दोन दिवस मुलं येऊन विचारत होती, "मॅडम, खाली काय लिहिलंय?" एकाने कोपरा उचकटून बघितलंही. म्हणजे खरेपणा दाखवायला गेले आणि सगळ्यांत जास्त चर्चा माझ्याच किताबाची झाली. पुढच्या वेळेपासून मी बॅनरचा मजकूर छापायला जाण्याआधी मागून घेते. पट्टीपेक्षा ते बरं.

आमचे एक ज्येष्ठ पंच आहेत, त्यांना माझा हा काटेकोरपणा पटत नाही. त्यांचं म्हणणं, किताब कागदावर असतो, पंच हॉलमध्ये असतो. तू कागद तपासत बसतेस आणि हॉलमध्ये झोपणारे आयए मी पाहिलेत. झोपणारे मीही पाहिलेत. वेळेच्या दडपणात शेवटची पाच मिनिटं चाललेली असताना फोन बघत बसलेले मोठ्या किताबांचे पंच पाहिलेत, आणि किताब नसलेला एक कॉलेजचा मुलगा एकाच वेळी चार पटांवर झेंडा पडतोय का, म्हणजे घड्याळातली वेळ संपतेय का, हे लक्ष ठेवून उभा असलेला पाहिलाय. सरांचा मुद्दा खरा आहे. पण त्यातून खोटं लिहायची परवानगी निघत नाही. किताबावरून काम कळत नसेल, तर किताब वाढवून लिहिण्यात काय अर्थ राहिला, हे सरांनी मला अजून सांगितलेलं नाही. आमचा वाद चालू आहे.

तक्त्यात मात्र मी आता बदल केलाय. किताबाचा रकाना लोकांकडून भरून घेणंच बंद केलं. आयडी मागते, किताब मी साइटवरून स्वतः भरते आणि भरलेला तक्ता सगळ्यांना एकत्र पाठवते, काही चुकलं असेल तर कळवा म्हणून. पहिल्यांदा पाठवला तेव्हा दोघांचे फोन आले. एकाला वाईट वाटलं होतं, "विश्वास नाही का?" म्हणाले, आणि पुढच्या स्पर्धेला आले नाहीत. दुसऱ्याचं मात्र खरंच चुकलं होतं, म्हणजे साइटवरचं मी आधी उतरवून घेतलं होतं आणि मधल्या काळात त्यांचा आयए मंजूर झाला होता. पान पुन्हा उघडलं, होतं तिथे. त्यांचं नाव बदलून तक्ता परत पाठवला. टी-शर्टचा रकाना तसाच आहे. तिथे अजूनही सगळे मिडियम आहेत.